गॅटरिजांची भावकी

हे लिहिताना माझा आवाज चढणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना शांत, समंजस लिखाण हवं असेल त्यांनी सरळ पान उलटावं. त्या माणसाला लोकांनी ‘सटकलेला’ म्हटलं. इतकी वर्षं झाली, माझा राग उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. रागाने माझी तब्येत चांगली राहते.

आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. खरं नाव सांगणार नाही. आडनाव तर मुळीच नाही. सांगितलं, तर दापोलीपासून राजापूरपर्यंत त्या आडनावाची जेवढी माणसं आहेत ती सगळी जाब विचारायला माझ्या दारात येऊन बसतील. आणि चाचांच्या मते ते बरोबरच असेल.

गोष्ट दुबईची, पण आजच्या नव्हे. अमिरात तेव्हा झाली नव्हती, खिशात रुपयाच चालायचा आणि जबल अलीला नुसती वाळू होती. देरा या तिथल्या जुन्या वस्तीत खाडीच्या काठी एका चहाच्या दुकानावर आमची खोली होती. आम्ही सहा जण, सगळे रत्नागिरी-कुलाब्याकडचे मुसलमान; कोणी धक्क्यावर, कोणी दुकानात. मी एका इंग्रज कंपनीत टायपिस्ट म्हणून लागलो होतो. चाचा त्याच कंपनीचे धक्क्यावरचे मुकादम. मोठी जहाजं बाहेर समुद्रात उभी राहायची, माल पडावांतून खाडीत यायचा, आणि तो उतरवून घेणाऱ्या टोळीवर चाचांचा हुकूम चालायचा. उंच, हाडकुळे, आणि ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा अंगात काळा लोकरी कोट. कोणी विचारलं तर म्हणायचे, “उकाडा बाहेर आहे. आत येऊ देत नाही मी त्याला.”

खोलीत मी नवा होतो तेव्हा बाजारातून मोठ्या हौसेने एक कंदील आणला. पितळी, झकास. संध्याकाळी पेटवायला घेतला, तर चाचांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, खिडकीपाशी नेला आणि बुडाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. चाचांना इंग्रजीतला फक्त एक शब्द वाचता यायचा. वाचता म्हणजे काय, गुराखी आपलं जनावर लांबून ओळखतो तसा त्यांना तो शब्द ओळखता यायचा. त्या पट्टीवर नेमका तोच होता: गॅटरिज.

“नेऊन परत कर,” चाचा म्हणाले.

“का? गळका आहे?”

“माणसं गळकी आहेत. त्यांच्या घरचा उजेड मला नको.”

त्या रात्री आमच्या खोलीत अंधारात सुरमई खाल्ली गेली. काटे लागले ते सगळ्यांना. शिव्या बसल्या मला एकट्याला.

पुढे कळलं की गॅटरिज हा काही एक माणूस नव्हे. बागांना पाणी पाजणारे पंप गॅटरिजचे, आणि अल ऐनपासून रास अल खैमापर्यंत खजुराच्या प्रत्येक मळ्यात तेच धडधडायचे. बिस्किटांचा डबा गॅटरिजचा. एडनला गॅटरिज नावाच्या कोण्या कर्नलचा रस्ता होता, मुंबईला कधीकाळी एक न्यायाधीश होऊन गेला होता, आणि एक क्रिकेटवाला होता ज्याचं चित्र सिगारेटच्या पाकिटातून निघायचं. आणि एक आगबोट कंपनी होती. चाचांना हे सगळे गॅटरिज तोंडपाठ होते, आणि ते सगळे एकमेकांचे कोण लागतात हेही त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आगबोटवाला थोरला. पंपवाला मधला, जरा कंजूस. बिस्किटवाला धाकटा, लाडावलेला, त्याला घरच्यांनी धंद्यात उशिरा घेतलं. कर्नल चुलत. न्यायाधीश दोन्हीकडून नात्यातला, म्हणून कुठल्याच बाजूने धड बोलत नाही.

मी मॅट्रिक झालेलो होतो. मॅट्रिक झालेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, “चाचा, इंग्रजांत असं नसतं. आडनाव एक असलं तरी ओळखपाळखसुद्धा नसते.”

“ओळख नसते?”

“नसते.”

“मग आडनाव लावतात कशाला? टोपी आहे? ऊन लागलं की घालायची, सलाम करायची वेळ आली की काढायची?”

 

त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या गावी एका आडनावाची पाच घरं होती, पाचही घरांची एकच भावकी. एकाच्या बैलाने कोणाचं शेत खाल्लं तर पाचही घरचे कर्ते त्या शेतवाल्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. तिथे वाढलेल्या माणसाला जगात दुसरी पद्धत असू शकते हे पटणं कठीण. पंप विकताना, बिस्किटं विकताना, रस्त्याला पाटी लावताना जर सगळीकडे एकच नाव मिरवायचं, तर दोष घ्यायच्या वेळी ते नाव कुठे जातं? खोलीतले सगळे या प्रश्नाला हसायचे. मीही सुरुवातीला हसलो. मग एकदा शुक्रवारी दुपारी, बाकीचे झोपलेले असताना, चाचांनी मला कारण सांगितलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात चाचा आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच आगबोटीवर कामाला होते. चाचा डेकवर खलाशी, भाऊ खाली भट्टीत कोळसा घालणारा आगवाला. बोट गॅटरिज कंपनीची. तिला टॉर्पेडो लागला. डेकवरची बरीच माणसं वाचली, खालची कोणी वर आलीच नाहीत. चाचा कित्येक महिन्यांनी फिरत फिरत गावी पोचले. आईने त्यांना बघितलं, तोंडावरून हात फिरवला, आणि रडायच्या आधी एकच प्रश्न विचारला: “त्यांच्याकडचं कोण येणार आहे?”

कारण तिच्या गावात तसंच व्हायचं. कोणाच्या मचव्यावर माणूस बुडाला, तर मचव्याचा मालक स्वतः चालत समाचाराला यायचा. पडवीत बसायचा, मान खाली घालून सांगायचा की तुमचा मुलगा माझ्या कामावर असताना गेला. घरातलं माणूस त्याला पाणी द्यायचं. ते पाणी तो प्यायला, की मग घरचे पुढच्या आयुष्याला लागायचे. गॅटरिजांकडचं कोणी आलं नाही. ना थोरला, ना मधला, ना बिस्किटवाला. आणि म्हातारी वाट बघत पडवीत बसली. गावात लग्नं झाली, बारशी झाली, ईद आल्या-गेल्या. ती कोणाच्या दारात गेली नाही. म्हणायची, “माझ्याकडे यायचे अजून यायचे आहेत. त्यांनी यावं आणि मी पडवीत नसावं?”

“आता माझ्या मुलीचं लग्न ठरलंय,” चाचा कोटाचं बटण चाचपत म्हणाले. “आईने वाढवलेली पोर. ती म्हणते, दादी हळदीला बसणार नसेल तर मला हळद नको. आई म्हणते, मला उठता येत नाही, माझ्याकडे पाहुणे यायचे आहेत. दोघी सारख्याच हट्टी. मी काय करू? गॅटरिज कुठून आणू?”

आणि अल्लाची करणी बघा, पुढच्याच महिन्यात गॅटरिज आला.

धक्क्यावर नवी क्रेन बसणार होती. ती बसवायला कंपनीने विलायतेहून एक इंजिनीअर मागवला. पंचविशीचा पोरगा, केस गवताच्या रंगाचे, नाक पहिल्याच दिवशी उन्हाने सोललेलं. मी त्याच्या नावाची पाटी टाइप करून दारावर लावली. चाचा तिथून जात होते. थांबले. पाटीवर अंगठा फिरवला. मग आत वाकून त्या पोराकडे असं बघितलं, जसं मुलीकडची माणसं नवऱ्या मुलाकडे बघतात.

आठवडाभर नुसते बघत होते. एके दिवशी चहाच्या वेळी कोट झटकून ते त्याच्या टेबलासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, “विचार त्याला, समाचाराला कधी येतोय?”

समाचाराला इंग्रजीत शब्द आहे का? मला सापडला नाही. मी सगळी हकीकत सांगितली. बोट, भाऊ, आई, हळद. पोरगा आधी गोंधळला, मग हसला. वाईट नव्हतं त्याचं हसणं, पण हसला.

“माझा बाप बस चालवतो,” तो म्हणाला. “आमच्या घरात कोणाकडे होडीसुद्धा नव्हती. त्या लोकांशी माझा काहीही संबंध नाही. सॉरी.”

मी सांगितलं. चाचांनी मान हलवली. “अच्छा. बस चालवतो.” आणि निघून गेले. मला वाटलं, खलास. संपला विषय.

पण आता ऐका. धक्क्यावरची बातमी बाजारात पोचायला वेळ लागत नाही. गॅटरिज आलाय म्हटल्यावर देऱ्यातल्या व्यापाऱ्यांनी विचार केला, पंपवाल्यांचा मुलगाच असणार! आमंत्रणं सुरू झाली. दुभाषा म्हणून मी सोबत असायचो, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. गालिचा अंथरलेला, मधोमध भाताच्या डोंगरावर अख्खा बकरा, आणि यजमान छातीवर हात ठेवून विचारतोय, “गॅटरिज? पंप गॅटरिज? माशाल्ला!” आणि हा पोरगा काय करायचा? काही नाही. नुसता हसायचा. हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. बकऱ्याची जीभ त्याच्या पुढ्यात यायची, तो खायचा. एकाने वापरायला लँड रोव्हर दिली. एकाने समुद्राकडचा वारा मनोऱ्यातून आत घेणारं ‘वाऱ्याचं घर’ राहायला दिलं. तोही ‘हबीबी, हबीबी’ करत ते घेत राहिला.

मी खोलीवर येऊन हे हसत हसत सांगितलं. चाचा सोडून सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात शिरले. साहेब लोक होते, कारकून होते, मॅनेजर होता. चाचांचा आवाज धक्क्यावरून जहाजापर्यंत पोचणारा आवाज. त्या खोलीत तो मावेना.

“विचार त्याला! बकरा खाताना बाप कोण होता?”

मी टाइपरायटरात कागद चढवायला घेतला.

“विचार! गाडी घेताना बाप बस चालवत नव्हता? वाऱ्याच्या घरात झोपताना नव्हता? बकरा आला की हा पंपवाल्यांचा, आणि माझ्या आईच्या दारात यायचं म्हटलं की बसवाल्यांचा? अरे, नाव नको तर सगळीकडे नको म्हण! हवं तर सगळीकडे हवं म्हण!”

मी भाषांतर केलं. अल्लाची शपथ घेऊन सांगतो, त्यात स्वतःचा एक शब्दही घातला नाही. घालायची गरजच नव्हती.

पोरगा लाल झाला. सोललेल्या नाकाच्या वर आणि खाली सगळीकडे. मॅनेजर मात्र उठला. हा मॅनेजर म्हणजे माझ्या रागाचा खास धनी. तो म्हणाला की एका नेटिव्ह मुकादमाने एका इंजिनीअरला असं विचारणं हा उद्धटपणा आहे, त्याने इथल्या इथे माफी मागावी, नाहीतर उद्यापासून धक्क्यावर पाय ठेवू नये. मी ते चाचांना सांगितलं.

“मी माफी मागू?” चाचा म्हणाले. “अरे, ती तर मी न्यायला आलोय!”

आणि धडाधडा जिना उतरले. ते गेल्यावर ऑफिसातले लोक काय म्हणाले माहीत आहे? ‘म्हातारा सटकलाय.’ आपल्याकडचे लोकसुद्धा! खाली मान घालून, साहेबाकडे चोरून बघत, आपल्याकडचे लोकसुद्धा!

दोन दिवस चाचा कामावर आले नाहीत. त्यांच्यावाचून टोळी ढिली पडली आणि पडाव खाडीत तुंबून राहिले. तिसऱ्या दिवशी पोरगा माझ्या टेबलाशी आला. लँड रोव्हरची किल्ली त्याने परत केल्याचं मला बाजारातून आधीच कळलं होतं.

“ते लग्न कधी आहे?” त्याने विचारलं.

“ईदनंतर.”

“मला सुट्टीला मुंबईवरूनच जायचंय. तिथून गाव लांब आहे?”

मग तो मॅनेजरच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं कोण जाणे. बाहेर आला तेव्हा चाचांना कामावर परत बोलावलं गेलं होतं, आणि मॅनेजरचा चेहरा कोणीतरी त्याच्या चहात मीठ घातल्यासारखा झाला होता.

ईद झाली आणि आम्ही तिघे आगबोटीने निघालो, मी दुभाषा म्हणून. पोरगा केबिनमध्ये, आम्ही डेकवर. रोज सकाळी चाचा त्याला डेकवर बोलावून शिकवायचे: पायातले बूट कुठे काढायचे, मांडी कशी घालायची, पाण्याचा तांब्या दोन हातांनी कसा घ्यायचा. “आणि आई विचारेल, आगबोटवाल्यांकडचा का, तेव्हा म्हणायचं, जी. बस. एवढंच. जी.” पोरगा मांडी घालून ‘जी, जी’ असा सराव करायचा आणि डेकवरची बाकीची माणसं जेवण सोडून बघायची.

मुंबईहून किनाऱ्याच्या बोटीने, मग खाडीतून होडीने आम्ही गावी पोचलो, तेव्हा हळदीची संध्याकाळ होती. घर माणसांनी भरलेलं. आत बायका बसल्या होत्या, ढोलक होती, गाणीही चालू होती, पण ती अशी की शेजारच्या घरात ऐकू जाऊ नयेत. मधोमध नवरी डोकीवरून ओढणी घेऊन बसली होती. हळदीची वाटी तिच्यासमोर तशीच होती. कोणाला बोट लावू देत नव्हती.

आणि म्हातारी बाहेर पडवीत, खांबाला टेकून. एवढीशी. डोळे मात्र लख्ख.

पोरग्याने बूट काढले, मांडी घातली, मान खाली घातली. सगळं शिकवल्याप्रमाणे. चाचा पाण्याचा तांब्या घेऊन तयार उभे.

“कोण?” म्हातारीने विचारलं.

“गॅटरिज,” चाचा म्हणाले.

म्हातारीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्यालाच विचारलं, “आगबोटवाल्यांकडचा का रे तू?”

मी इंग्रजीत सांगितलं, आणि खालच्या आवाजात जोडलं, “जी म्हण.” चाचांचे ओठही तसेच हलले.

पोरगा म्हणाला, “नाही.”

चाचांनी तांब्या मागे ओढून घेतला.

“नाही,” तो म्हणाला. “मी त्यांना ओळखत नाही. माझा बाप बस चालवतो. पण त्या नावावर मी जेवलो आहे, म्हणून आलो. त्या लोकांनी यायला हवं होतं. ते येणार नाहीत. इतक्या वर्षांत आले नाहीत म्हणजे त्यांनी कधी यायचं ठरवलंच नव्हतं. तुम्हाला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.”

मी वाक्यावाक्याने सांगत गेलो. चाचा मला दातओठ खात म्हणाले, “हे काय सांगतोस तू तिला? हे काय सांगतोस?”

“थांब रे,” म्हातारी म्हणाली. “सांगू दे त्याला. काय म्हणाला, ठरवलंच नव्हतं?”

“नव्हतं, दादी,” मी म्हणालो.

“म्हणजे त्यांना ठाऊक होतं येणार नाहीत ते?”

“हो.”

“आणि मी इथं बसले?”

म्हातारीच्या नाकपुड्या फुगायला लागल्या. तिचा आवाज बारीक होता, पण पहिल्या शब्दालाच आतली ढोलक थांबली.

“हरामखोर! मी शेजारणीच्या लेकीचं लग्न सोडलं. भाच्याचं सोडलं. पोटच्या पोराच्या मुलीच्या बारशाला मी पाळण्याला हात लावला नाही, का, तर हे येतील आणि मी आत असेन! माझा मुलगा घेतला तो घेतला, माझी सगळी लग्नं घेतली? त्यांच्या बापाची होती ती?” ती चाचांकडे वळली. “आणि तू! तू तरी सांगायचंस ना, नाही येणार म्हणून! एवढी दुनिया फिरलास!”

अख्ख्या भावकीला जाब विचारणारा माणूस, आईसमोर तांब्या धरून पोरासारखा उभा होता. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“दे त्याला पाणी,” म्हातारी म्हणाली. “उन्हातून आलाय. नाक बघ त्याचं.”

पोरग्याने दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि पाणी प्यायला. म्हातारी त्याचं पिऊन होईपर्यंत थांबली. मग खांब धरून उठायला लागली. चाचा हात द्यायला धावले, तर तिने तो झटकला.

“सोड. अजून चालता येतंय मला.”

ती उंबरा ओलांडून आत गेली. आतल्या बायका चिडीचूप झाल्या. आम्ही तिघे पडवीत, एकमेकांकडे न बघता. मग कोणीतरी घाबरत घाबरत ढोलक वाजवायला घेतली, एक-दोन बायकांनी खालच्या पट्टीत गाणं उचललं, आणि लगेच म्हातारी त्यांच्यावर ओरडली:

“हळद लागतेय का कोण मेलंय घरात? जोरात म्हणा!”